दूध उतू जातं, पण आठवण पक्की आहे

प्रश्न : माझं वय ६८. नावं, वाढदिवस, पासबुकातले आकडे सगळं लक्षात असतं. पण गॅसवर दूध असताना फोन आला की दूध उतू गेलंच म्हणून समजा. दोन कामं एकदम जमेनाशी झालीत. मुलगी म्हणते शब्दकोडी सोडव, सून म्हणते रोज चालत जा. चालण्याचा डोक्याशी काय संबंध?

उत्तर : ताई, तुमची आठवण शाबूत आहे. ढिला पडलाय तो लगाम. एका कामावरून दुसऱ्याकडे वळणं आणि पहिल्याचं भान ठेवून परत येणं, हे मुख्यतः कपाळामागचा मेंदू सांभाळतो आणि वयाबरोबर तो भाग जास्त आक्रसतो.

सूनबाईंचं ऐका. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात आर्थर क्रेमर यांनी ६० ते ७५ वयाच्या, बैठ्या सवयीच्या १२४ जणांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये छापून आला. निम्म्यांना सहा महिने चालायला लावलं, निम्म्यांना हातपाय ताणायचे व्यायाम दिले. चालणाऱ्यांची सुधारणा दिसली ती नेमकी तुम्ही लिहिलंय त्या प्रकारच्या कामांत. पुढे सत्तरीपुढच्या १६३५ जणांच्या दोन वर्षांच्या मोठ्या अभ्यासात मात्र एकूण फरक दिसला नाही. म्हणून हमी देत नाही. तरी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आजी-आजोबांना मी चालायला सांगतेच.

तपासताना मी पेशंटबरोबर दारापर्यंत चालत जाते आणि मधेच विचारते, "काल रात्री भाजी कुठली केली होती?" काहीजण चालता चालता सांगतात. काहींची पावलं थांबतात, मग उत्तर येतं. चालायलाही लक्ष लागतं, ते असं डोळ्यांना दिसतं. सुनेबरोबर चालताना करून पाहा.

सपाट रस्त्यावर दहा मिनिटांपासून सुरुवात करा. हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जा. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत दम लागू दे. गुडघा सुजला तर थांबा. कोडी आवडत असतील तर जरूर सोडवा, पण चालण्याऐवजी नको.

बी-१२, थायरॉइड आणि कान एकदा तपासून घ्या. दूध ठेवल्याचंच आठवेनासं झालं किंवा ओळखीच्या रस्त्यावर चुकलात, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

आणि आजपासून फोन वाजला की आधी गॅस बंद करायचा. फोन करणारा परत करेल.