कुबड्या आतल्या खोलीत

पत्र: धाकट्या भावाचं लग्न होऊन आठ महिने झाले. भावजयीला लहानपणी पोलिओ झाला, ती कुबड्यांवर चालते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, ‘बिचारी अपंग असूनही घरातलं सगळं करते हो. आमच्या भावाचं मनच मोठं!’ तेव्हापासून ती कामापुरतं बोलते. भाऊ म्हणतो, ताई, तू तिचा अपमान केलास. मी दिव्यांग म्हणायला हवं होतं का?
– एक नणंद, सांगली

ताई,

तुमच्या मनात खोट नव्हती, हे पत्रातून कळतं. म्हणूनच स्पष्ट लिहिते. तिला ‘अपंग’पेक्षा जास्त लागलं असेल ते ‘बिचारी’, ‘असूनही’ आणि भावाचं मोठं मन. चार बायकांसमोर तुम्ही तिच्या लग्नाला तुमच्या घराचा उपकार करून टाकलंत. तिनेही तुमच्या भावाला पारखून होकार दिला असेल, हे मनात आलं नाही का तुमच्या?

पत्रात पुढे तुम्ही सहज लिहिलंय, ‘पाहुण्यांच्या पायात येतील म्हणून तिच्या कुबड्या मी आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या.’ ते वाचून माझ्या पोटात तुटलं. घर भरलेलं, ती खुर्चीत, वाण लुटायची वेळ झालेली, आणि उठायचं तर कुणाला तरी हाक मारून आपले पाय मागून घ्यायचे! कुबड्या म्हणजे तिचे पायच आहेत, ताई. पोलिओ तिला लहानपणीच झाला, पण त्या संध्याकाळी तिला जागेवर बसवून ठेवलं ते आपण. तिच्या हाताला लागतील अशा भिंतीशी टेकवून ठेवल्या असत्या, तर कुणाच्याच पायात आल्या नसत्या.

आता शब्दाचं. ‘दिव्यांग’ हा शब्द पंतप्रधानांनी डिसेंबर 2015 मध्ये ‘मन की बात’मधून सुचवला आणि सरकारी कागदोपत्री तो रुळला. आपल्या राज्यात 2022 पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे. काहींना तो आवडतो. पण अनेक अपंग कार्यकर्त्यांनी तेव्हाच विरोध केला होता: आमच्यात दैवी काही नाही, आम्हाला हक्क हवेत. कर्णबधिर माणसांना ‘मुकं’ म्हटलेलं खटकतं, कारण खुणांची त्यांची स्वतःची पुरी भाषा आहे. तेव्हा तुमच्या भावजयीला काय आवडतं ते तिलाच विचारा. बहुतेक वेळा तर यातल्या कुठल्याच शब्दाची गरज पडत नाही. ‘ही आमची धाकटी सून’ एवढं पुरलं असतं. (‘आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं’, ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ या म्हणी माझ्याही तोंडात बसल्या होत्या. एका अंध मैत्रिणीसमोर पहिली म्हण निघून गेली, तिचा चेहरा पाहिला आणि दोन्ही सोडल्या.)

तिच्याकडे जा. भावाला मध्ये घालू नका. ‘माझा हेतू चांगला होता’ हे वाक्य घरीच ठेवा. ‘तुझ्या कुबड्या न विचारता उचलल्या, तुला बिचारी म्हटलं, माझं चुकलं’ एवढंच म्हणा. ती लगेच मोकळी होईल असं नाही, तिला वेळ द्या. आणखी एक: तुमच्या दोन पानी पत्रात भावाचं नाव आहे, मुलांची आहेत, शेजारणीचंसुद्धा आहे. भावजयीचं नाही. दारात गेल्यावर आधी तिला नावाने हाक मारा.