सप्लांट: रोपटं नव्हे, तळपाय

‘इंग्रजीतलं सप्लांट (supplant) म्हणजे रिप्लेसच ना? आणि त्यात रोपट्याचा काय संबंध?’ असा प्रश्न आला आहे.

संबंध रोपट्याशी नाही, तळपायाशी आहे. लॅटिनमध्ये ‘प्लांटा’ म्हणजे तळपाय. (रोपालाही तोच शब्द होता, त्यामुळे गोंधळ साहजिक आहे.) टाच दुखते तेव्हा डॉक्टर ‘प्लांटार फॅशिआयटिस’ म्हणतात, त्यातला प्लांटा हाच. त्याला ‘खाली’ या अर्थाचा ‘सब’ लागून जे क्रियापद झालं, त्याचा अर्थ पायात पाय घालून पाडणं. १६११च्या इंग्रजी बायबलात एसाव आपल्या भावाबद्दल, याकोबाबद्दल, तक्रार करतो की यानं मला दोनदा ‘सप्लांट’ केलं: आधी ज्येष्ठपणाचा हक्क घेतला, मग आशीर्वाद. हा याकोब जन्मला तोच एसावाची टाच धरून! इतका नेमका शब्द त्या जागी पडलेला पाहिला की मला फार आनंद होतो.

आता वापर. गेलेला दिवा काढून मी नवा लावला, तर मी तो ‘रिप्लेस’ केला. इथे ‘सप्लांट’ चालणार नाही. सप्लांटचा कर्ता सहसा तोच असतो जो त्या जागी येऊन बसतो. १९४७ साली ट्रान्झिस्टर तयार झाला आणि पुढच्या काही वर्षांत संगणकांतून त्यानं व्हॅक्यूम ट्यूबला (आधी तेच काम करणाऱ्या काचेच्या नळीला) हटवलं, हे खरं सप्लांट. यात कपट असेलच असं नाही, पण आधीच्याला मागे सारणं असतंच. ‘डिसप्लेस’मध्ये भर हलवण्यावर असतो. पाण्यात उतरलेलं जहाज पाणी बाजूला सारतं, ते डिसप्लेस. पुरामुळे माणसं विस्थापित होतात, तेही डिसप्लेस, कारण पूर काही त्यांच्या घरात राहायला येत नाही.

मराठीत एकच शब्द सगळीकडे बसत नाही. माणसानं डाव साधून केलं असेल तर ‘जागा बळकावणे’. वस्तू, पद्धत, भाषा यांच्याबाबत ‘मागे सारून जागा घेणे’. ‘उचलबांगडी’ मला इथे पटत नाही. तीत कोण गेलं ते कळतं, त्याच्या जागी कोण आलं ते नाही. ‘पायउतार’मध्ये पाय असला तरी अडचण तीच. ‘पत्ता कापणे’ बोलण्यात जवळचं आहे, तरी ‘त्याचा पत्ता कापून हा बसला’ असं दोन क्रियापदांत सांगावं लागतं. सप्लांटमध्ये पाडणं आणि बसणं दोन्ही एकात येतं. म्हणून भाषांतर करताना मी तरी दोन क्रियापदं वापरायला कचरत नाही.