नागपुरात मेट्रोऐवजी पॉड टॅक्सी आणली तर ट्रॅफिक सुटेल का?

तुम्ही विचारलंय की मेट्रोवर एवढा पैसा ओतण्यापेक्षा उंचावरच्या मार्गावरून आपोआप धावणाऱ्या चार-सहा आसनी गाड्या नागपुरात आणल्या तर स्वस्तात काम होईल का, आणि बर्डी-इतवारीच्या बाजारपेठांतली कोंडी फुटेल का.

बर्डी-इतवारीची कोंडी या गाड्यांनी फुटणार नाही, आणि स्वस्तातही काही होणार नाही. पण नागपुरात एक जागा अशी आहे जिथे ही व्यवस्था मला मनापासून हवी आहे. मी मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योग-आयटी परिसरात, नोकरीला आहे, शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर, आणि या विषयाचा नाद जुना आहे. म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी ही गाडी चालते कशी ते पाहू. मेट्रो प्रत्येक स्टेशनवर थांबते, कारण स्टेशन मुख्य मार्गावरच असतं. पॉडचं स्टेशन बाजूच्या फाट्यावर असतं. तुम्ही बटण दाबून ठिकाण निवडायचं, गाडी फाट्यावरून मुख्य मार्गाला लागते आणि मधली सगळी स्टेशनं सोडून थेट तुमच्या ठिकाणी जाऊन थांबते. चालक नाही, वेळापत्रक नाही. ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या मॉर्गनटाऊनला अशी यंत्रणा 1975 पासून विद्यापीठाच्या वेगवेगळ्या परिसरांमध्ये विद्यार्थ्यांची ने-आण करते आहे. स्टेशनं पाच. गाडी मात्र चौघांची नाही, साधारण वीस जणांची.

मॉर्गनटाऊनची एक गोष्ट मला फार आवडते. रेल्वेत गाडी दुसऱ्या मार्गावर घ्यायची तर सांध्यावर रूळ हलवावे लागतात, आणि ते पक्के बसल्याची खात्री होईपर्यंत मागची गाडी सोडता येत नाही. मॉर्गनटाऊनच्या मार्गावर हलणारा भागच नाही. गाडीला रबरी टायर आहेत, खाली काँक्रीट आहे, आणि फाटा आला की गाडी स्वतःच डाव्या किंवा उजव्या कठड्याला धरून चालायला लागते. ज्या कठड्याला धरलं त्या बाजूला ती वळते. मागोमाग येणाऱ्या दोन गाड्या दोन दिशांना जाणार असतील तरी मधे थांबायचं कारण नाही. रबरी टायरचा आणखी एक फायदा म्हणजे पकड. लोखंडी चाक लोखंडी रुळावर, त्यात पावसाचं पाणी, म्हणजे ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं. छोट्या गाड्या जवळजवळ सोडायच्या असतील तर ते परवडत नाही.

आता खरा हिशेब. तो केल्याशिवाय पॉडच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्यात अर्थ नाही. सुरक्षेचा जुना नियम असा की पुढची गाडी भिंतीला धडकल्यासारखी जागच्या जागी थांबली तरी मागचीला वेळेत थांबता आलं पाहिजे. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11 मीटर. बसलेल्या माणसाला इजा होणार नाही इतका जोरात ब्रेक मारला तरी गाडी थांबेपर्यंत पंचवीसेक मीटर जातात. यंत्रणेला कळायला अर्धा सेकंद लागला तर आणखी पाच-सहा मीटर, आणि गाडीची स्वतःची लांबी वेगळी. हे सगळं धरून दोन गाड्यांमध्ये 3 सेकंदांचं अंतर पडतं. म्हणजे तासाला 1,200 गाड्या, तेही सगळं बिनचूक चाललं तर. चार आसनं असली तरी अनोळखी माणसं सहसा एकत्र बसत नाहीत. सरासरी दीड माणूस धरा, की एका दिशेला तासाला 1,800 माणसं झाली.

साठ माणसांची बस दर दोन मिनिटांनी सोडली तर तीही 1,800च माणसं नेते. आपल्या मेट्रोच्या तीन डब्यांत दाटीवाटीने नऊशेच्या आसपास माणसं मावतात. दर पाच मिनिटांनी गाडी सोडली तर तासाला 10 हजारांच्या वर जातात. वर्धा रोड किंवा कामठी रोडवर सकाळ-संध्याकाळ जो लोंढा असतो तो वाहून न्यायची ताकद पॉडच्या एका मार्गात नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे येणाऱ्या लोकांचा विचार करा आणि मग चार आसनांची गाडी डोळ्यासमोर आणा.

स्वस्ताईचंही तसंच. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या पॉड टॅक्सीला एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) 2024 मध्ये मंजुरी दिली, तेव्हाचा आकडा 8.85 किलोमीटरसाठी सुमारे 1,016 कोटी होता. किलोमीटरला 115 कोटी झाले. नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला 43.8 किलोमीटरसाठी 6,708 कोटींची मंजुरी मिळाली, म्हणजे किलोमीटरला साधारण 153 कोटी. पॉडमध्ये किलोमीटरमागे पाऊण खर्च आणि माणसं मात्र मेट्रोच्या पाव हिश्श्याहूनही कमी! छोटी गाडी म्हणजे छोटा खर्च, असं होत नाही. खांब लागतातच, वीज लागते, प्रत्येक स्टेशनला जिना आणि लिफ्ट लागते, गाडी मधेच बंद पडली तर माणसं उतरवायची सोय लागते.

इतवारी, महालच्या गल्ल्यांत तर हा मार्ग नेऊच नये. तिथे खांबाला जागा काढायची म्हणजे कुणाचा तरी ओटा नाहीतर दुकानाचा पुढचा भाग जाणार. आग लागली तर अग्निशमनची शिडी उभी करायला आताच जागा पुरत नाही. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत आणि बडगे या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुका याच भागातून निघतात. त्यांच्या डोक्यावर काँक्रीटचा पट्टा टाकायचा, ही कल्पनाच मला सहन होत नाही. या भागाला पार्किंगची शिस्त, दुपारच्या वेळी मालाच्या ट्रक-टेम्पोंना बंदी आणि चालायला मोकळा फुटपाथ मिळाला तरी पुष्कळ फरक पडेल.

मग पॉड हवा कुठे? खापरीला, मिहानजवळच्या मेट्रो स्टेशनपाशी.

11 डिसेंबर 2022 ला मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे उरलेले मार्ग आणि मिहानमधलं एम्स, दोन्हींचं लोकार्पण एकाच दिवशी झालं. पण खापरी स्टेशन आणि एम्स यांच्या मधले काही किलोमीटर तसेच राहिले. सकाळी खापरीला उतरून बाहेर या. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, काखेत फाइल, सोबत एखादी म्हातारी बाई, आणि ऑटोवाल्याशी भावावरून घासाघीस चालू. कोणी बाहेरगावाहून पहाटे निघून रेल्वेने आलेलं, पुढे मेट्रोने इथवर थंडगार पोचलेलं. फीडर बस वेळेवर जुळली तर ठीक, नाहीतर मे महिन्यात नवतप्याच्या उन्हात त्या म्हातारीने किती वेळ उभं राहायचं? मला ते बघवत नाही. मेट्रोवर खर्च केलेल्या पैशाचं चीज होणं न होणं या शेवटच्या टप्प्यावर ठरतं. मिहानमधल्या आमच्यासारख्या नोकरदारांचंही तेच. खापरीपासून पुढची सोय नाही म्हणून माणूस घरूनच गाडी काढतो, आणि ती गाडी अख्खा वर्धा रोड अडवते.

हे ठिकाण पॉडला साजेसं आहे. रस्ते रुंद, जुनी वस्ती पाडायची नाही, खांबांना जागा आहे, जायची ठिकाणं विखुरलेली आहेत. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर 2011 पासून नेमकं असंच काम झालं. टर्मिनल 5 आणि गाड्या उभ्या करायचा तळ यांच्यामध्ये 3.9 किलोमीटरचा मार्ग, तीन स्टेशनं, बॅटरीवर चालणाऱ्या 21 गाड्या. आधी तिथे बस होती. उलट अबू धाबीजवळच्या मसदारमध्ये अख्खं शहर पॉडवर चालवायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात प्रवाशांसाठी दोन स्टेशनं झाली आणि विस्तार थांबला. छोट्या, ठरावीक कामाला ही यंत्रणा टिकते, शहरभर पसरवायला गेलं की अडते.

पण एक अडचण खापरीलाही आहे. हीथ्रोला विमानं दिवसभर येतात, त्यामुळे दोन्ही बाजूंनी प्रवासी मिळतात. मिहानमध्ये सकाळी सगळे आत जातात आणि संध्याकाळी सगळे बाहेर पडतात. म्हणजे सकाळी भरून गेलेली प्रत्येक गाडी रिकामी परत आणावी लागेल, आणि तोवर स्टेशनवर रांग वाढेल. एम्सचे रुग्ण दुपारी परततात ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. म्हणून माझं मत असं, की आज मिहानच्या रस्त्यांच्या कडेने पॉडच्या खांबांपुरती पट्टी राखून ठेवावी, तिथे दुसरं काही बांधू देऊ नये. आणि उद्यापासून पहिल्या मेट्रोपासून शेवटच्या मेट्रोपर्यंत खापरी ते एम्स दर सात-आठ मिनिटांनी छोटी इलेक्ट्रिक बस, मेट्रोच्याच तिकिटावर. ती बस दिवसभर भरून जायला लागली की पॉडची मागणी करायला आपल्या हाती आकडे असतील.

आपल्या नितीन गडकरींनी दिल्लीतल्या धौला कुआं ते हरियाणातल्या मानेसर पॉडची योजना बरीच वर्षं बोलून दाखवली होती, त्यामुळे नागपुरातही कधीतरी असा आराखडा पुढे येईल असं मला वाटतं. आला तर चित्रं बाजूला ठेवा आणि दोन आकडे शोधा. सकाळी नऊ ते दहा या तासात एका दिशेला किती माणसं जाणार, आणि त्याच तासात किती गाड्या रिकाम्या परत येणार. दुसरा आकडा दिलेलाच नसेल तर हरकत नोंदवा.