खंड पडणारच, परत यायला किती दिवस लागले ते मोज

तुझा प्रश्न दोनदा वाचला. पाच महिन्यांत नऊ किलो उतरवलंस, सलग अर्धा तास धावता यायला लागलं, मग नडगी दुखायला लागली म्हणून तीन आठवडे बंद, त्यात ऑफिसचं काम अंगावर आलं, तीन आठवड्यांचे बघता बघता दोन महिने झाले, चार किलो परत आलं आणि आता दाराशी पडलेल्या बुटांकडे बघायचीही लाज वाटते, मोटिव्हेशन कुठून आणू असं विचारतोयस. वयाने बरीच मोठी आहे म्हणून अरेतुरे करतेय, चालवून घे.

मी लोकांना सांगते की नऊ वर्षं धावतेय. ऐकायला भारी वाटतं. खरी गोष्ट अशी की नऊ वर्षांत मी सहा वेळा धावायला सुरुवात केलीये. पहिल्यांदा तीन महिन्यांत नडगी गेली, अगदी तुझ्यासारखीच, मग एकदा टाच, एकदा घरातलं आजारपण, एकदा घोटा मुरगळला, आणि एकदा तर काहीच कारण नव्हतं, नुसता कंटाळा आला. ९१ किलोवर सुरू केलं, ७० पर्यंत आले, मध्ये ८२ पर्यंत परत गेले, आता ७२ ते ७४ च्या मध्ये कुठेतरी असते. घरचे मला तोंडावर आरंभशूर म्हणायचे आणि ते काही खोटं नव्हतं.

तेव्हा मोटिव्हेशनचं म्हणशील तर माझ्यापुरतं उत्तर असं आहे की ते घरात बसून येत नाही. मला ते बाहेर पडल्यावर साधारण दहाव्या मिनिटाला येतं, कधी येतच नाही, पण घरातून निघताना ते सोबत होतं असं नऊ वर्षांत फार तर वीस-पंचवीस वेळा झालं असेल. व्हिडिओ मीही खूप बघितले. २०१९ मध्ये व्हिएन्नात केनियाचा धावपटू एलियुड किपचोगेने मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदात धावून दाखवलं ते बघून अंगावर काटा आला आणि मी कूस बदलून झोपले. त्यापेक्षा २०२४ ची पॅरिस ऑलिंपिक मला जास्त कामाला आली, तिथे हाच माणूस तीसेक किलोमीटरनंतर थांबला, चालायला लागला आणि शर्यत सोडून दिली. म्हटलं याच्यावरही असा दिवस येतो तर आपण कोण.

आता तुझे आकडे बघू, कारण तुला वाटतंय तेवढं तू घालवलेलं नाहीस. शरीरात ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो, पूर्ण भरलेला असला की साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कमी खात होतास तेव्हा हा साठा अर्धामुर्धा रिकामा असणार, पोटभर खायला लागलास की तो भरला, पाणी परत आलं आणि काट्यावर एक-दीड किलो दिसायला लागलं. ती चरबी नव्हे. म्हणजे चारातलं बाकीचं जे आहे ते खरं वाढलंय, त्याची जबाबदारी घे, पण चारही किलो स्वतःच्या नावावर लावून घेऊ नकोस. दमाचंही तसंच, रोज धावणाऱ्याने दोन-तीन आठवडे सोडलं तर क्षमता पाच-सात टक्क्यांनी उतरते, दोन महिन्यांत पंधराएक टक्क्यांनी. पहिल्या दिवशी धाप लागेल तेव्हा वाटेल की सगळं शून्यावर आलं. तसं नसतं, रक्तातलं पाणी लवकर कमी होतं म्हणून सुरुवातीला जड जातं, आणि ते भरूनही लवकर येतं. पहिल्यांदा अर्ध्या तासापर्यंत पोचायला पाच महिने लागले असतील तर या वेळी तेवढे नक्की लागणार नाहीत.

पण एक खड्डा आत्ताच दाखवून ठेवते कारण मी त्यात दोनदा पडलेय. परत सुरू केलंस की पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरेल, तेच मघाचं पाणी, तू खूश होशील. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काटा हलणार नाही, उलट अर्धा किलो वर जाईल, कारण बऱ्याच दिवसांनी कामाला लागलेले स्नायू आतून सुजतात, दुरुस्तीसाठी पाणी धरून ठेवतात. (बायकांचं तर महिन्याच्या महिन्यालाही किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं, ते वेगळंच.) नेमकं त्याच वेळी माणूस म्हणतो मी एवढा मरतोय आणि उपयोग काय, आणि ये रे माझ्या मागल्या. मी आता रोज वजन करते पण बघते ती आठवड्याची सरासरी, एका दिवसाच्या आकड्यावर मूड ठरवत नाही. ज्यांना रोज काटा बघून त्रास होतो त्यांनी आठवड्यातून एकदाच बघावं, त्यात कमीपणा काही नाही.

आता खरा मुद्दा, जो मला चौथ्या खेपेला कळला. तू धावणं आणि वजन यांची गाठ मारून ठेवली आहेस. धावतोय म्हणून वजन उतरतंय असं तुझ्या डोक्यात आहे, त्यामुळे धावणं बंद झालं त्या दिवशी खाण्याकडे बघणंही बंद झालं, बरोबर ना? माझं हेच झालं होतं, टाच दुखायला लागली आणि चार महिन्यांत आठ किलो चढले, आणि टाचेने तर मला खा म्हणून सांगितलं नव्हतं.

हिशोब करून बघ. धावताना ढोबळमानाने दर किलो वजनामागे दर किलोमीटरला एक कॅलरी खर्च होते. ८० किलोचा माणूस पाच किलोमीटर धावला की ४०० कॅलरी. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे एका किलोसाठी असे एकोणीस रन. आठवड्यातून तीनदा धावणाऱ्याला सहा आठवडे लागतील, तेही खाणं जराही न वाढवता, आणि धावल्यावर भूक किती लागते ते तुला सांगायला नकोच. वजन मुख्यतः ताटात उतरतं, धावण्याचं काम ते उतरलेलं टिकवायला मदत करणं, झोप लागणं, डोकं ताळ्यावर राहणं. मग एक बंद पडलं तर दुसरं का बंद पडावं? घोटा मुरगळला तेव्हा पाच आठवडे एक पाऊल धावले नाही पण खाण्याची वही चालू ठेवली, वजन वाढलं ते फक्त एक किलो.

अमेरिकेत नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री नावाची एक नोंद आहे, १९९४ मध्ये सुरू झाली, किमान १३.६ किलो उतरवून किमान वर्षभर ते टिकवलेल्या लोकांची. त्यातल्या बहुतेकांनी त्याआधी वजन कमी करून परत वाढवून बघितलं होतं. आणि त्यांचा सगळ्यात जास्त केला जाणारा व्यायाम धावणं नाहीच, चालणं आहे. हे वाचलं तेव्हा मला जरा रागच आला होता, एवढे बूट घेतले मी.

दुसरी गोष्ट "आता गेलंच ना, मग जाऊ दे" या विचाराची. यावर १९७५ चा एक प्रयोग आहे, हर्मन आणि मॅक यांचा. डाएट करणाऱ्या आणि न करणाऱ्या लोकांना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीम चाखायला बसवलं, हवं तेवढं खा म्हणून. डाएट न करणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, साहजिकच आहे, पोट भरलेलं. डाएट करणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं! नियम मोडलाच आहे तर आता कशाला थांबा. तुझे तीन आठवड्यांचे दोन महिने झाले ते असेच, पहिले तीन आठवडे नडगीचे होते आणि पुढचे पाच-सहा या विचाराचे, ऑफिसचं काम हे निमित्त (रागावू नकोस, मीही हेच निमित्त वापरलंय). आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी कशा लागतात ते बघितलं, सरासरी ६६ दिवस लागले पण कुणाला १८ तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत, आणि मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागायची थांबली असं झालं नाही. एक दिवस बुडाल्याने काही बिघडत नाही, त्या एका दिवसाचं आपण जे सुतक पाळतो त्याने बिघडतं.

म्हणून मी सलग किती दिवस झाले हे मोजायचं सोडून दिलं. ॲपमधलं ते स्ट्रीक बंद केलं, १४० दिवसांचा स्ट्रीक तुटला की माणूस १४१ व्या दिवशी धावत नाही, रडत बसतो. त्याऐवजी वहीच्या शेवटच्या पानावर एवढंच लिहिते की खंड पडल्यावर परत यायला किती दिवस लागले. पहिला खंड सात महिने. दुसरा चार महिने. तिसरा अकरा आठवडे. चौथा पाच आठवडे, त्यातले चार तर डॉक्टरांनीच सांगितलेले. पाचवा, तो कंटाळ्याचा, बारा दिवस. या नऊ वर्षांत माझा वेग फारसा वाढलेला नाही, वजनही वरखाली झालं, पण हा एक आकडा मात्र दर वेळी खाली आलाय आणि मला विचारशील तर माझी सगळी कमाई तीच आहे. तुझ्या वहीत पहिली नोंद दोन महिने. वाईट नाही, माझी सात होती.

आता नडगी, कारण तीच परत दुखली तर हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी. धावायला लागल्यावर दम आणि हृदय काही आठवड्यांत सुधारतं पण हाडं आणि स्नायूबंध तयार व्हायला महिने लागतात, आणि प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माणसाला वाटतं मला जमतंय, तो अंतर आणि वेग दोन्ही वाढवतो आणि पाय मागेच राहिलेले असतात. नडगीच्या आतल्या कडेला बोटाने दाबत खालपर्यंत ये. दुखणं लांबलचक पसरलेलं असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल तर बहुधा शिन स्प्लिंट्स, म्हणजे जास्त भाराने दुखावलेली नडगी, भार कमी करून हळूहळू वाढवलं की जातं. पण एका बोटाच्या टोकाएवढ्या जागी टोचल्यासारखं दुखत असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल तर बूट घालूच नकोस, आधी डॉक्टर, कारण ते स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला गेलेली बारीक चीर, असू शकतं आणि त्याच्यावर धावून मोठं दुखणं ओढवून घेतलेले लोक मी बघितलेत.

नडगी ठीक असेल तर जिथे सोडलं होतंस तिथून सुरू करू नकोस. हा मोह फार वाईट, आपण अर्ध्या तासावर होतो हे डोक्यातून जात नाही. एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असं वीस मिनिटं, एक दिवस आड. चालणं म्हणजे हरणं असं वाटत असेल तर जेफ गॅलोवे बघ, १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेला माणूस, आयुष्यभर लोकांना धावता धावता मध्ये चाला हेच शिकवलं त्याने. काउच टू फाइव्ह के हा शून्यापासून पाच किलोमीटरपर्यंत नेणारा नऊ आठवड्यांचा प्लॅनही असाच आहे, जॉश क्लार्कने १९९६ मध्ये केलेला, मी तो चार वेळा चालू केलाय आणि नऊ आठवड्यांत एकदाही संपवला नाही, एकदा तर पाचवा आठवडा तीनदा केला. वेग इतका हळू ठेव की धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शेजारून चालणारे लोक पुढे जातील, जाऊ देत.

लाजेचं काय करायचं ते मला नीट सांगता येणार नाही. माझी लाज गेली ती फक्त इतक्यांदा परत आल्यामुळे गेली, सहाव्या खेपेला कोण बघतंय याचा विचार करायलाही कंटाळा येतो. सुरुवातीला मी अंधारात जायचे, तू बघ तुला काय जमतं ते. पहिले दोन आठवडे घड्याळ, ॲप काही नेऊ नकोस, जुन्या वेगाशी तुलना करायला साधनच नको हाताशी.

आत्ता सर्दी झालीये म्हणून माझा आज चौथा दिवस आहे घरात. परवा वीस मिनिटं चालून येणार आहे. तू आधी ते नडगी दाबून बघ आणि नक्की कुठे दुखतं, पसरून की एका जागी, ते लिही, मग पहिल्या आठवड्याचं ठरवू.