टोमॅटोच्या कोवळ्या रोपांचे थंडीपासून संरक्षण : शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

हंगामाच्या सुरुवातीला टोमॅटोची लागवड करणाऱ्या शेतकरी बंधू-भगिनींकडून आलेले प्रश्न बहुतांशी सारखेच आहेत. तापमापकावर 3 अंश सेल्सिअस तापमान असतानाही रोपे का करपली, प्लॅस्टिकने झाकूनही शेंडे का काळे पडले, बांधावर धूर केल्याने उपयोग होतो का, सकाळी रोपे बुंध्याशी तुटून पडलेली का दिसतात, आणि थंडीचा मार बसलेली रोपे ठेवावीत की उपटावीत, असे ते प्रश्न आहेत. पहिल्या तीन प्रश्नांचे मूळ एकच असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. रात्री रोपाला ऊब मिळते ती त्याच्याखालच्या जमिनीतून, आणि ती जमिनीत दिवसा साठलेली असावी लागते. त्यामुळे थंडीच्या रात्रीची तयारी सूर्यास्तापूर्वीच पूर्ण झाली पाहिजे.

आकाश निरभ्र असेल, वारा पडलेला असेल आणि हवा कोरडी असेल, तर जमीन आणि पाने आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकत राहतात. ढग असल्यास त्यातील काही उष्णता परत येते, पण निरभ्र रात्री ती परत येत नाही आणि पान भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. गार हवा जड असल्याने ती जमिनीलगत साचते आणि उतारावरून खोलगट भागाकडे वाहत जाते. तापमापक साधारणपणे दीड मीटर उंचीवर टांगलेला असतो आणि रोप मात्र जमिनीपासून वीतभर उंचीवर असते. या दोन पातळ्यांमध्ये अशा रात्री 2 ते 4 अंशांचा फरक सहज पडतो, म्हणून वर 3 अंश दिसत असताना पानात बर्फ धरू शकतो. टोमॅटोची ऊती उणे 1 अंशाच्या आसपास गोठून मरते. यासाठी एक साधा तापमापक रोपांच्या उंचीवर, शेताच्या सर्वांत खोल कोपऱ्यात लावावा आणि निर्णय त्याच्या नोंदीवरून घ्यावा. त्या कोपऱ्यात लवकरची लागवड मुळातच टाळता आली तर अधिक चांगले.

ओलसर जमीन कोरड्या जमिनीपेक्षा जास्त उष्णता साठवते आणि ती खालून वर अधिक वेगाने पोहोचवते. म्हणून थंडीचा इशारा मिळताच शक्यतो आदल्या दिवशी, नाहीतर त्याच दिवशी सकाळी हलके पाणी द्यावे, म्हणजे जमिनीला ऊन घेण्यास वेळ मिळतो. पाणी साचू देऊ नये. वरचा सुमारे फूटभर थर ओला असला की पुरे. याच कारणासाठी त्या दिवसांत कोळपणी किंवा खुरपणी करून माती भुसभुशीत करू नये, कारण मोकळ्या मातीत हवा शिरते आणि खालची ऊब वर येत नाही. पेंढा किंवा पाचटाचे आच्छादन उन्हाळ्यात उपकारक असले, तरी थंडीच्या रात्री ते रोप आणि जमीन यांच्यामध्ये आडवे येते. ते काही दिवस ओळीबाहेर सरकवून ठेवावे आणि जमीन तापू लागली की पुन्हा पसरावे. ही गोष्ट अनेकांना उलटी वाटते, परंतु आच्छादन केलेल्या वाफ्यातच रोपे जास्त करपल्याचे पाहून गोंधळलेल्या शेतकऱ्यांनी याच कारणाचा विचार करावा.

आता झाकण्याविषयी. गोधडी स्वतः गरम नसते, ती अंगाची ऊब धरून ठेवते. क्रॉप कव्हरचे, म्हणजे पिकावर टाकायच्या हलक्या कापडाचेही तसेच आहे. दिवसभराची ऊब जमिनीत असतानाच, म्हणजे ऊन उतरू लागताच रोपे झाकावीत आणि कापडाच्या कडा मातीने दाबून बंद कराव्यात. रात्री दहा वाजता घाईने टाकलेले कापड बरीच ऊब निघून गेल्यानंतर टाकलेले असते. विणीविरहित पांढरे कापड जाडीनुसार साधारण 1 ते 4 अंशांचे संरक्षण देते, त्यामुळे त्याहून तीव्र थंडीत दुहेरी कापड वापरावे. पातळ पारदर्शक प्लॅस्टिकमधून मात्र जमिनीची उष्णता बऱ्याच प्रमाणात आरपार निघून जाते, आणि ते पानाला चिकटले असेल तर त्या जागी पान थेट गोठते. शेंडे काळे पडण्याचे कारण बहुधा हेच असते. तार किंवा बांबूच्या कमानी लावून आवरण पानांपासून दूर राहील असे पाहावे आणि सकाळी ऊन वर येताच बाजू उघडाव्यात. बंद टनेलमध्ये थंडीच्या दिवसातही दुपारी तापमान 35 अंशांच्या वर जाऊ शकते, आणि कोंडलेल्या ओलाव्यात करपा रोग वाढतो.

धुराबाबत स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. धुराचे कण इतके सूक्ष्म असतात की जमिनीतून निघणारी उष्णता ते जवळजवळ अडवत नाहीत, उलट सकाळी सूर्यप्रकाश अडवून शेत उशिरा तापवतात. ओला पालापाचोळा जाळून फक्त धूर करण्यात रात्र घालवू नये. तुषार सिंचनाने पाणी गोठताना उष्णता बाहेर पडते हे खरे आहे, पण तो उपाय बर्फ पूर्ण वितळेपर्यंत अखंड चालवावा लागतो. मध्येच पाणी थांबले तर बाष्पीभवनामुळे पान अधिकच थंड होते, आणि कोवळी रोपे बर्फाच्या भाराने मोडतात. म्हणून वीज व पाणी यांची खात्री नसेल तेथे लहान रोपांसाठी हा मार्ग मी सुचवत नाही.

गोठण्याइतकी थंडी नसली तरी 10 अंशांखाली टोमॅटोची वाढ जवळपास थांबते. गार मातीतून मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही आणि पानांची खालची बाजू जांभळी दिसू लागते. अशा वेळी अधिक खत देऊन उपयोग होत नाही. मातीचे तापमान सकाळी 15 अंशांच्या वर स्थिरावल्याशिवाय पुनर्लागवडीची घाई करू नये, कारण उशिरा पण उबदार मातीत लावलेले रोप अनेकदा आधी लावलेल्या रोपाला गाठते. लागवडीपूर्वी 7 ते 10 दिवस पाणी थोडे कमी करून, नत्र थांबवून आणि रोपे टप्प्याटप्प्याने उघड्यावर ठेवून ती काटक करावीत. त्याने वारा व ऊन सोसण्याची ताकद येते, परंतु कोबीप्रमाणे टोमॅटोचे रोप गोठवणारी थंडी सहन करायला शिकत नाही, हे लक्षात असावे. उंच वाढलेले रोप खोल खड्ड्यात उभे लावण्याऐवजी उथळ चरात तिरपे लावावे. मातीखालच्या खोडाला नवी मुळे फुटतात आणि ती वरच्या उबदार थरात राहतात. कलमी रोपांचा जोड मात्र मातीखाली जाऊ देऊ नये.

बुंध्याशी तुटलेली रोपे बहुतेक वेळा कुरतडणाऱ्या अळीने कापलेली असतात. ही अळी रात्री खाते आणि दिवसा जवळच मातीत वेटोळे करून पडते, म्हणून कापलेल्या रोपाभोवती बोटभर माती उकरून ती वेचावी. थोडी रोपे असतील तर जाड कागदाची नळी खोडाभोवती 2 ते 3 सेंटिमीटर मातीत रोवल्यास चांगले संरक्षण मिळते. बुंधा कापलेला नसून मऊ पडून वाळला असेल आणि रोप कोलमडले असेल, तर ती बुरशीजन्य रोपमर आहे. तेथे पाणी कमी करणे आणि निचरा सुधारणे हाच पहिला उपाय आहे. बुरशीनाशक वापरायचे झाल्यास लेबलवर टोमॅटोसाठी दिलेल्या मात्रेतच वापरावे. रोपवाटिकेवरील बारीक छिद्रांची जाळी थंडी आहे म्हणून काढून टाकू नये, कारण पर्णगुच्छ विषाणू पसरवणारी पांढरी माशी उबदार आडोशात टिकून राहते.

थंडीचा मार बसलेली पाने आधी पाण्यात भिजल्यासारखी गडद दिसतात आणि मग काळी पडून वाळतात. लगेच छाटणी करू नये, युरियाही टाकू नये. 4 ते 5 दिवस थांबून खोड तपासावे. बुंधा हिरवा व टणक असेल आणि पानांच्या बेचक्यात फूट दिसत असेल, तर वाळलेला भाग काढून त्यातील एक जोमदार फूट ठेवावी. असे पीक थोडे उशिरा येते, पण येते. बुंधाच मऊ झाला असेल तर रोप उपटून नांग्या भराव्यात, म्हणजे रिकाम्या जागी नवी रोपे लावावीत. त्यासाठी एकूण रोपांच्या दहाव्या हिश्शाइतकी रोपे आठवडाभर उशिरा पेरून रोपवाटिकेत राखून ठेवावीत, म्हणजे नांग्या भरताना जुनी, मुळे गुंतलेली रोपे वापरण्याची वेळ येणार नाही.