वाचनालयाच्या देवघेवीसाठी सर्व्हर कसा उभारावा?

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयासाठी मी एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट वापरून पुस्तकांच्या देवघेवीचे छोटे ॲप्लिकेशन केले आहे. नोंदी ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये राहतात. मात्र काउंटरवरील संगणकावर केलेली नोंद ग्रंथपालांच्या संगणकावर दिसत नाही. यासाठी बॅकएंड सर्व्हर क्लाउडवर भाड्याने घ्यावा लागेल का? सुरुवात कशी करावी?
— एक वाचक

उत्तर : लोकल स्टोरेजमधील माहिती ज्या ब्राउझरमध्ये साठवली, त्याच्याबाहेर जात नाही, त्यामुळे आज तुमच्या वाचनालयाची दोन स्वतंत्र दप्तरे तयार होत आहेत. दप्तर एकच राहावे आणि दोन्ही संगणकांनी त्यालाच विचारावे, एवढ्यासाठी सर्व्हर हवा. दोन्ही संगणक एकाच वायफायवर असतील, तर क्लाउडवर तूर्त खर्च करू नये. त्यांपैकी दिवसभर चालू असणारा संगणकच सर्व्हरचे काम करील.

जावास्क्रिप्ट तुम्हाला येतेच, तेव्हा त्या संगणकावर नोड.जेएसची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी, आवृत्ती आणि एक्सप्रेस हे सर्व्हर लिहिण्याचे पॅकेज बसवावे. माहिती साठवण्यासाठी एसक्यूलाइट हा डेटाबेस पुरेसा आहे, कारण त्याला वेगळा डेटाबेस सर्व्हर लागत नाही आणि सारा डेटाबेस एका फाइलीत मावतो. मात्र ज्या फोल्डरमधून ब्राउझरला पाने दिली जातात, त्यात ही फाइल कदापि ठेवू नये. पाने आणि माहिती दोन्ही एक्सप्रेसनेच पुरवली, म्हणजे सीओआरएसचा (एका पत्त्यावरच्या पानाला दुसऱ्या पत्त्यावरची माहिती घेऊ देण्याच्या ब्राउझरच्या नियमांचा) गुंता उद्भवत नाही.

खरी काळजी नोंदींची घ्यावी लागते. दाखल क्रमांक (पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीचा स्वतंत्र क्रमांक) चुकीचा टाइप झाला, तर आधीच बाहेर गेलेले पुस्तक पुन्हा दुसऱ्या सभासदाच्या नावावर चढते. ‘आधी तपासावे, मग लिहावे’ असा कोड येथे पुरत नाही, कारण दोन्ही संगणकांच्या विनंत्या एकाच वेळी आल्या, तर दोन्ही तपासण्या पहिली नोंद होण्यापूर्वीच उरकलेल्या असू शकतात. म्हणून परतीची तारीख रिकामी असलेल्या ओळींपुरता दाखल क्रमांक एकमेव असावा, असा युनिक इंडेक्स डेटाबेसमध्येच करावा; दुसरी नोंद मग डेटाबेसच नाकारील आणि सर्व्हरने ४०९ (‘कॉन्फ्लिक्ट’, म्हणजे आधीच्या नोंदीशी विरोध) हा संकेतांक पाठवून काउंटरवर तसा संदेश दाखवावा. वापरकर्त्याने भरलेला मजकूर एसक्यूएलच्या (डेटाबेसला आज्ञा देण्याच्या भाषेच्या) वाक्यात थेट जोडू नये. त्यासाठी प्रीपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे मजकुराची जागा मोकळी ठेवून आधीच तयार केलेले वाक्य, वापरावे.

मराठी नोंदींत आणखी एक खोच आहे. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एकाच संकेताने लिहिता येते, तसेच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधात जुळत नाहीत. मजकूर साठवताना आणि शोधताना जावास्क्रिप्टचे नॉर्मलाइझ हे फंक्शन एनएफसी (अशा जोड्यांचा एकच संकेत करणाऱ्या) या पर्यायासह वापरल्यास हा प्रश्न सुटतो.

सर्व्हर १२७.०.०.१ या, म्हणजे संगणकाच्या स्वतःपुरत्या, पत्त्यावर ऐकत असेल, तर दुसऱ्या संगणकाला तो सापडणार नाही, त्याला ०.०.०.० वर, म्हणजे संगणकाच्या सर्व पत्त्यांवर, ऐकायला सांगून फायरवॉलमध्ये सर्व्हरचा पोर्ट (उदाहरणार्थ ३०००) उघडावा आणि राउटरमध्ये त्या संगणकाचा आयपी पत्ता कायम करून घ्यावा. या वायफायचा पासवर्ड सभासदांना देऊ नये, हे ओघाने आलेच.

रोज संध्याकाळी ‘व्हॅक्यूम इंटू’ या आज्ञेने डेटाबेसची प्रत काढून ती पेन ड्राइव्हवर ठेवावी. सर्व्हर चालू असताना फाइल नुसती कॉपी केल्यास ती प्रत अर्धवट निघू शकते. पुढे सभासदांना घरबसल्या यादी पाहायची असेल, तेव्हा लॉगिन आणि एचटीटीपीएस यांची तजवीज करून क्लाउडकडे वळावे. तोपर्यंत राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करून हा सर्व्हर इंटरनेटला उघडा करू नये.