अमेरिकेत हॅगिस हवंय?
ग्लासगोहून नुकतेच अमेरिकेत आलात आणि २५ जानेवारीला, बर्न्स नाइटला, म्हणजे स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या जयंतीला, हॅगिस (मेंढीची कलेजी, हृदय, फुप्फुस आणि ओट्सचा स्कॉटिश पदार्थ) हवंय? तिकडून डबे आणायच्या फंदात पडू नका. मेंढीच्या फुप्फुसाला इथे १९७१पासून बंदी आहे. माझा डबा विमानतळावरच गेला. इथे फुप्फुसाऐवजी कलेजी-हृदय वाढवून केलेलं मिळतं, ते चालतं. घरी करणार असाल तर सगळी मदार ओट्सवर. रोल्ड घेतलेत की लगदा झालाच. स्टील-कट घ्या, कोरडेच खमंग भाजा, आपण रवा भाजतो तसे. मिरपूड सढळ हाताने. सोबतच्या नीप्ससाठी, म्हणजे घोटलेल्या कंदासाठी, पांढरा टर्निप (सलगम) नको. त्याचाच भाऊबंद, पिवळ्या गराचा रुटाबागा, उकडून लोण्यात घोटा. आणि ओट्सच्या लापशीत, पॉरिजमध्ये, साखर? आधी मीठ घालून बघा तरी!